गिअरबॉक्स बदलल्यावर ट्रक आवाज करतोय: उतरवण्याआधी काय ऐकायचं

तुमची हकीकत मला समजली तशी आधी मांडतो. सहाचाकी ट्रक, इंदूरच्या चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरून खंडव्याच्या फेऱ्या. जुना गिअरबॉक्स गेला म्हणून त्याच मॉडेलचा, पण वेगळ्या वर्षाचा सेकंडहँड बॉक्स बसवला आणि क्लच प्लेट नवी टाकली. आता तीन आवाज येतायत. गाडी उभी असताना न्यूट्रलला खडखड होते, क्लच दाबला की थांबते. ४५-५० च्या पुढे घुमल्यासारखा आवाज येतो आणि केबिनचा पत्रा पायाखाली थरथरतो. निघताना, किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की, मागून 'टक्' होतं. मिस्त्री म्हणतो, "गेर अंदर से बोल रहा है, फिर उतारना पड़ेगा." बॉक्स विकणारा म्हणतो, जाड तेल टाका, आवाज बसेल.

या दोघांचंही इतक्यात ऐकू नका. देवास नाक्याजवळ माझं गॅरेज आहे, गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगच्या (डिफरन्शियलच्या) कामात २६ वर्षं गेली. बॉक्स बदलल्यावर येणारे आवाज माझ्याकडे जितके आले, त्यातले निम्म्याहून जास्त बॉक्सच्या आतले नव्हतेच. बॉक्स काढता-बसवताना ज्याला ज्याला हात लागला, तिथले होते. तुमच्या तीन आवाजांना तीन वेगळी कारणं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. सगळं एकाच बॉक्सवर ढकललं की बॉक्स दोनदा उतरतो आणि आवाज तिथेच राहतो.

काही गोष्टी गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत, त्या आधीच कबूल करतो. तुमचा प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंतची फिरती नळी) एक तुकड्याचा आहे की मध्ये सेंटर बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा, टॉप गिअर डायरेक्ट (इनपुट-आउटपुटचा वेग एकच) आहे की ओव्हरड्राइव्ह (आउटपुट जास्त जोरात), इंजिन चार सिलिंडरचं की सहा, यावर उत्तर बदलतं. म्हणून नुसतं निदान देत नाही, कसं शोधायचं ते सांगतो.

लोक आवाजाचं वर्णन करतात. घरघर, खडखड, सूं, हूं. माणूस बदलला की शब्द बदलतो, त्याचा मला फारसा उपयोग होत नाही. मी विचारतो, आवाज कशाच्या मागे मागे जातो? इंजिनाच्या आरपीएमच्या मागे, चाकाच्या वेगाच्या मागे, क्लचच्या पेडलच्या, की लोडच्या? एवढं कळलं की शोधायची जागा हातभर उरते.

पहिली खडखड घ्या. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना इंजिन इनपुट शाफ्ट फिरवतं, तो खालचा काउंटर शाफ्ट फिरवतो, आणि मेन शाफ्टवरचे सगळे गिअर मोकळे फिरत राहतात. पेडल पूर्ण दाबलं की दोन-चार सेकंदांत हे सगळं थांबतं. म्हणून 'क्लच दाबला की आवाज बंद' एवढ्यावरून मिस्त्री बॉक्सवर बोट ठेवतो. त्याचं चुकत नाही, पण अर्धंच बरोबर आहे. कारण दात चांगले, बेअरिंग चांगलं, आणि तरी खडखड, असंही होतं. डिझेल इंजिन आयडलला झटके देत फिरतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन झटके देतं, सहाचं तीन, म्हणून चारवाल्यात हे जास्त जाणवतं. हे झटके गिळायला क्लच प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा असतात. प्लेट दुसऱ्या मॉडेलची आली, स्प्रिंगा जास्त कडक निघाल्या, की झटके सरळ दातांवर जातात आणि दातांमधल्या नैसर्गिक फटीत दात एकमेकांवर आपटत राहतात.

दोन्हीतला फरक ओळखायला हत्यार लागत नाही. गाडी गरम करा, न्यूट्रलला ठेवा, ॲक्सिलरेटर हलका दाबून आयडलच्या वर दोन-तीनशे आरपीएम न्या. खडखड विरून गेली तर ती दातांची आपटाआपटी, बॉक्सला दोष नाही. आयडल कमी बसलंय का, तेलाची पातळी बरोबर आहे का, आणि नवी प्लेट जुनीशी जुळते का ते बघा: व्यास, हबच्या स्प्लाइनचे (शाफ्टवर सरकून बसणाऱ्या खाचांचे) दात, स्प्रिंगा, पार्ट नंबर. जुनी प्लेट भंगारात दिली नसेल तर शेजारी ठेवून बघणं सर्वात सोपं. अशी खडखड थंडीत सकाळी कमी आणि तेल गरम होऊन पातळ झालं की जास्त असते, ही पण एक खूण. उलट आरपीएमबरोबर आवाज चढत गेला, खडखडीची घरघर आणि घरघरीची किंचाळी झाली, तर इनपुट शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग धरा.

पेडलशी संबंधित आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो, कारण तुमचा मिस्त्री पुढे रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बदलायला सांगेल. रिलीज बेअरिंगचा आवाज पेडल दाबल्यावर येतो, दाबल्यावर जात नाही. पेडलवर नुसता पाय टेकवला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकलं आणि चर्र सुरू झाली, तर तो रिलीज बेअरिंगचा. पेडल पूर्ण दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना आवाज आला तर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंगही बघा. कारण तेव्हाच फ्लायव्हील फिरत असतं आणि इनपुट शाफ्टचं टोक थांबलेलं असतं. पेडल सोडलं की दोघं एकत्र फिरतात आणि पायलटला काही कामच राहत नाही. तुमच्या वर्णनात हे दोन्ही नाहीत, तेव्हा त्यावर पैसे घालू नका.

आता दुसरा, घुमणारा आवाज. माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावर आहे, आणि यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय.

आधी कसोटी. गाडी रिकामी, रस्ता सपाट आणि मोकळा, सोबत एक माणूस. पाचव्यात ५० ला धरा, आवाज ऐका. मग तेच ५० चौथ्यात. आरपीएम वाढलं, पण आवाज तोच, तेवढाच राहिला, तर तो चाकाच्या वेगामागे जातोय. म्हणजे बॉक्सच्या आउटपुटपासून मागे कुठेतरी: मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, सेंटर बेअरिंग, क्राउन-पिनियन (मागच्या हाउसिंगमधली गिअरची जोडी), चाकाचं बेअरिंग. मग इंजिन चालूच ठेवून चार-पाच सेकंद न्यूट्रल करून बघा. तरी घुमतंय? मग काउंटर शाफ्ट आणि गिअरचे दात संशयातून जवळजवळ सुटले. इंजिन बंद करून मात्र गाडी कधीही घरंगळू देऊ नका. एअर ब्रेकची हवा इंजिनच भरतं, पॉवर स्टिअरिंगही त्याच्यावरच चालतं. आणि हा प्रयोग मानपूरच्या किंवा भेरूघाटाच्या उतारावर करणारे महाभाग मी पाहिलेत. सपाट रस्त्यावरच करा.

आता माझी फजिती. बरीच वर्षं झाली, पावसाळा होता. एका गाडीचा बॉक्स आम्ही बदलला, तिसऱ्या दिवशी गाडी परत. ५० ला घुमते आणि हादरते. मी बॉक्स उतरवला, बेअरिंगं बघितली, मागचं एक बदललं, चढवला. आवाज तसाच. परत उतरवला. मालक बाहेर स्टुलावर बसून सकाळचे पोहे दुपारपर्यंत पुरवतोय आणि माझ्याकडे बघतोय. शेवटी लोहामंडीतल्या माझ्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी एकही पाना मागितला नाही. बॅटरी घेऊन खाली गेले, डिझेलच्या फडक्याने प्रोपेलरच्या स्लिप जॉइंटवरचा (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडावरचा) चिखल पुसला आणि मला बोलावलं. दोन बाण होते, एक नळीवर, एक योकवर (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यावर). समोरासमोर असायला हवेत. ते अंगठाभर सरकलेले होते. शाफ्ट काढताना माझ्या पोराने स्लिप जॉइंट ओढून वेगळा केला आणि बसवताना जिथे बसला तिथे ठोकला. १६ दातांच्या स्प्लाइनवर एक दात चुकला म्हणजे साडेबावीस अंश. उस्ताद फक्त म्हणाले, "डब्बा दो बार उतारा, चिखल एक बार नहीं पोंछा." आमच्या इंदूरच्या हिंदीत चिखल असा मराठीतून शिरतो, ते असो.

एका दाताने एवढं का बिघडतं? क्रॉस जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिक-चिन्हासारखा जोड, कोनात फिरतो तेव्हा तो एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून मिटवतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. रेषा चुकली की चूक मिटत नाही. वेग वाढला की घुमणं आणि थरथर, दोन्ही सोबत.

तुमच्याकडे बॉक्स वेगळ्या वर्षाचा आहे, म्हणून आणखी एक बघा. बॉक्सची लांबी किंवा मागच्या माउंटिंगची उंची बोटभर जरी वेगळी असली तरी प्रोपेलरचा कोन बदलतो. चुंबकाचा अँगल गेज मिळतो, तो बॉक्सच्या आउटपुट फ्लँजवर (प्रोपेलर बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि पिनियनच्या फ्लँजवर लावून उतार मोजा. साध्या एक तुकड्याच्या शाफ्टला हे दोन उतार एकमेकांपासून १ अंशाच्या आत असावेत, आणि प्रत्येक जॉइंटचा कोन ३ अंशांपर्यंत असला तर उत्तम. अगदी शून्यही नको, क्रॉसच्या सुया (बारीक रोलर) थोड्या लोळायला हव्यात, नाहीतर एकाच जागी खड्डा पाडतात. दोन तुकड्यांच्या शाफ्टला सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखालचे वॉशर किंवा पट्ट्या जशा होत्या तशाच परत लागल्यात का तेही बघा. काम संपल्यावर जमिनीवर दोन पट्ट्या उरल्या आणि कोणी विचारलं नाही, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

आवाज फक्त ओढताना येत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर जात असेल, किंवा नेमकं उलटं, तर मागचं क्राउन-पिनियन बघावं लागेल. पण तो बहुधा सूं असा एकसुरी गातो, पत्रा थरथरवत नाही. तुमच्याकडे थरथर आहे, म्हणून मी शाफ्टवर अडून बसलोय.

तिसरा 'टक्' सोपा आहे. चाकांना लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद, चावी खिशात, गाडी गिअरमध्ये. एक जण खाली जाऊन प्रोपेलर दोन्ही हातांनी पुढे-मागे पिळेल, दुसरा एकेका जोडावर बोट ठेवेल. क्रॉसच्या कपावर, स्लिप जॉइंटवर, बॉक्सच्या फ्लँजवर. ढिला जोड बोटाला लगेच कळतो, डोळ्याला दिसायच्या आधी. तुमच्या गाडीत मी आउटपुट फ्लँजच्या मधल्या मोठ्या नटापासून सुरुवात करेन. सेकंडहँड बॉक्सवर तो बहुतेक वेळा विकणाऱ्याने हाताने फिरवून ठेवलेला असतो, आणि बसवणाऱ्याला वाटतं की आधीच आवळलाय. तो ढिला असेल तर गाडी हलवूच नका. त्यानंतर बॉक्सच्या माउंटिंगचं रबर, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट.

आता समजा पहिल्या कसोटीत घरघर बेअरिंगची निघाली. तरी उतरवण्याआधी तेल काढून बघा. ते स्वच्छ तगारीत काढा, फडक्यातून गाळा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा लेप असेल तर चालतं, तेवढं झिजतंच. चमकणारा कीस, नखात टोचतील असे तुकडे, बेअरिंगच्या कडेचे खवले दिसले तर बॉक्स उघडायचाच. पिवळी झाक दिसली तर पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) झिजतायत. आणि भुसा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आवाज दाबायला बॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरून विकायची युक्ती फार जुनी आहे. जाड तेल हा त्याचाच सभ्य भाऊ. जाड तेल थंड असताना सिंक्रोला ब्रेक लावू देत नाही, बारीक बेअरिंगांपर्यंत वेळेवर पोचत नाही, आणि आवाज मात्र महिनाभर दाबून ठेवतं, म्हणजे विकणाऱ्याची जबाबदारी संपेपर्यंत.

तेल कोणतं, ते गाडीच्या पुस्तकात बघा. पुष्कळ बॉक्सना ८०डब्ल्यू-९० चालतं, पण त्यात जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार येतात. हाउसिंगसाठीच्या जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात आणि काही तेलांत ती पितळेला खातात. म्हणून हाउसिंगची किटली उघडीच आहे तर बॉक्सलाही तीच, असं करू नका. पातळी सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या काठाला बोट लावून बघायची. बोटाला तेल लागलं म्हणजे पातळी आली असं नाही. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत यायला हवं.

बॉक्स विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: तो ज्या गाडीचा होता, ती ओढून आणली होती का? इंजिन बंद असताना गाडी प्रोपेलर न काढता ओढली की मेन शाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा काउंटर शाफ्ट थांबलेला असतो. मेन शाफ्टवरच्या बुश आणि सुया कोरड्या फिरतात. ३०-४० किलोमीटर असं ओढलेला बॉक्स बाहेरून नवा दिसतो आणि आतून जळलेला असतो.

कोणत्या गिअरला आवाज वाढतो तेही लिहून ठेवा. एकाच गिअरला वाढला तर त्याच गिअरची जोडी. डायरेक्ट सोडून सगळ्यांना वाढला तर काउंटर शाफ्ट, कारण डायरेक्टमध्ये तो फिरतो पण लोड घेत नाही, म्हणून आवाज कमी होतो, पूर्ण जात नाही. रिव्हर्सला सूं येतंय म्हणून घाबरून आलेले लोक मी तसेच परत पाठवतो. बऱ्याच बॉक्समध्ये रिव्हर्सचे दात सरळ असतात, ते गाणारच. आणि आत कोणी एक गिअर बदलून त्याचा जोडीदार जुनाच ठेवला असेल, तर तो आवाज तेलाने, देवाने, कशानेही जात नाही. दोन्ही सोबतच बदलावे लागतात.

बॉक्स खरंच उतरवावा लागला तर, उतरलेलाच आहे म्हणून, एक काम करून घ्या. बॉक्सची बेल हाउसिंग (क्लचवरची घंटेसारखी पेटी) जिथे बसते तो इंजिनाचा मागचा तोंडाचा भाग घासून स्वच्छ करा आणि डॉवेल पिना (बॉक्स नेमक्या जागी धरणाऱ्या) जागेवर आहेत का बघा. जुन्या बॉक्सबरोबर त्या निघून जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, त्यामुळे पिनांशिवाय बॉक्स केसभर खाली लोंबतो. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून हाउसिंगच्या तोंडावर आणि आतल्या कडेवर एक फेरा फिरवा. बहुतेक ट्रकांना ०.२० मिलीमीटरपर्यंत फरक चालतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात मिळेल. मी एकदा ०.५५ बघितलं, आणि कारण होतं रंगाचा एक सुकलेला थेंब आणि त्याखाली मातीची चपटी गोळी. अशा गाडीत इनपुट बेअरिंग नवं टाकलं तरी काही महिन्यांत बोलायला लागतं, आणि टॉपमध्ये गिअर सुटून बाहेर येतो.

चढवताना बॉक्स जॅकवर सरळ धरा. इनपुट शाफ्ट प्लेटमध्ये शिरल्यावर बॉक्स सोडून बोल्ट शोधायला गेलात, की सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं आणि प्लेट वाकते. मग आवाज बरा होतो आणि रिव्हर्स किरकिरायला लागतो.

तुमचा क्रम असा ठेवा. आज खाली जाऊन बाण आणि फ्लँजचा नट, दोन्ही फुकटचं काम. उद्या रिकाम्या गाडीने पाचव्या-चौथ्याची आणि गरम आयडलची कसोटी. त्यानंतर तेल. घरघर आरपीएमबरोबर चढत असेल आणि तेलात खवले असतील, किंवा गिअर सुटत असेल, किंवा बॉक्स नेहमीपेक्षा फारच जास्त तापत असेल, तर माल भरू नका, भेरूघाट तर नाहीच. बाण सरकलेले दिसले तर ते जुळवून पुन्हा ५० ला चालवून बघा, आणि स्लिप जॉइंटवर किती दात आहेत ते मोजून मला कळवा. आणि हो, शाफ्ट काढण्याआधी नळीवर आणि योकवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारायला मिस्त्रीला सांगा, चिखल पुसून.